स्वस्त पेलेट, महाग पिस्तूल आणि कॉम्पमधलं शिसं

आधीच सांगून टाकतो, हे १० मीटर एअर पिस्तूलवाल्यांसाठी आहे, म्हणजे ४.५ मिमीचं मॅच पिस्तूल, पुढे कॉम्पेन्सेटर, म्हणजेच कॉम्प, लावलेलं, ज्याची किंमत घरी सांगताना आपण एक शून्य गिळतो. २०२४ ला पॅरिसला मनू भाकरने ब्रॉन्झ घेतल्यापासून आमच्या नेरूळ साइडच्या रेंजवर नवीन पोरंपोरी खूप आलीत आणि प्रत्येकाचा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एकच प्रश्न असतो, दादा प्रॅक्टिसला साधे पेलेट, म्हणजे छर्रे, चालतील का, की मॅचचेच वापरायचे. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

हिशोब सोपा आहे. रोज १०० शॉट, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे ५०० पेलेट, म्हणजे बरोब्बर एक डबा. वर्षाला पन्नास-बावन्न डबे. साधा डबा आणि चांगला मॅचचा डबा यात दुपटीहून जास्त फरक पडतो, तो बावन्नने गुणा आणि मग बसा विचार करत. त्यात रेंजची फी, पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर भरणं, ठाण्याहून ट्रान्सहार्बरचा पास, आणि रेंजबाहेरचा वडापाव मी धरलेलाच नाही.

तर उत्तर असं की हो, प्रॅक्टिसला साधे शिशाचे पेलेट चालतात, मी स्वतः वर्षातले नऊ-दहा महिने तेच मारतो. पण स्वस्त शिसं आपला हिशोब कॉम्पमध्ये लिहून ठेवतं, आणि तो वेळच्या वेळी वाचला नाही तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. माझा झालाय.

झालं काय होतं, दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझे शॉट चारच्या काट्यावर जायला लागले, म्हणजे खाली उजवीकडे, सगळे नाही, दहातले दोन-तीन. बाकीचे आत आणि हे मधेच एखादं आठ, एखादं सात. सर म्हणाले शॉट सुटताना मूठ आवळतोयस. मी उजव्या हाताचा, त्यामुळे मला पण पटलं. तीन आठवडे मी ग्रिपला वुड पुट्टी लाव, घास, परत लाव, परत घास, असं करत होतो, ट्रिगर पण हलवून बघितला, ड्राय फायरमध्ये, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर दाबताना, तर साइट जागची हलत नव्हती, मग घोडं पेंड खातंय कुठे ते कळेना. एका रविवारी वैतागून कॉम्प काढला आणि मोबाइलच्या टॉर्चने आत बघितलं, तर पेलेट जिथून बाहेर पडतो त्या पुढच्या भोकाच्या कडेला, डावीकडे वर, शिशाचा एक कण चिकटलेला. मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा असेल. करडा, चपटा, एका बाजूने चकचकीत, म्हणजे पेलेट जाता जाता त्याला घासून पॉलिश करत होता! लाकडी टूथपिकने उचकटला, टकन निघाला, परत बसवून तीस शॉट मारले आणि चारचा काटा गायब. ग्रिपची मात्र वाट लावून ठेवली होती मी, ती पुढे दोन महिने पूर्वीसारखी हातात बसली नाही.

आता कॉम्प नेमका करतो काय ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पेलेट बॅरलमधून सुटतो तेव्हा त्याच्या मागे दाबलेली हवा असते. ही हवा तशीच समोरून सुटली तर दोन गोष्टी होतात, एक म्हणजे तोंड वर उचललं जातं आणि दुसरं म्हणजे पेलेटपेक्षा वेगाने धावणारी हवा त्याच्या मागच्या पातळ घागऱ्याला धक्के देते, आणि धक्का एका बाजूने जास्त बसला की पेलेट डुगडुगतो. कॉम्प म्हणजे बॅरलच्या पुढची एक छोटी खोली, वर खाचा असलेली. हवा खाचांतून वर जाते त्यामुळे तोंड खाली दाबलं जातं, आणि पुढच्या भोकातून पेलेट जवळजवळ एकटाच शांतपणे बाहेर पडतो. स्टायर घ्या, मोरिनी घ्या, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवर्कबाऊ, डिझाइन वेगवेगळं, काहींच्यात बॅरललाच भोकं पाडलेली असतात, पण तत्त्व हेच. आणि पुढचं भोक पेलेटपेक्षा अगदी थोडंसंच मोठं ठेवतात, कारण ते मोठं केलं तर हवा पण त्यातूनच जाणार. त्यामुळे तिथे कणभर शिसं बसलं तरी किंवा खाचेच्या एका बाजूला थर जमला तरी हवा सरळ न जाता तिरकी जाते आणि पेलेट डगमगतो.

खऱ्या काडतुसाच्या पिस्तुलांत हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर होतो. परदेशात आयपीएससी नावाच्या नेमबाजी प्रकारातले ओपन डिव्हिजनवाले असतात ना, धावत धावत मारणारे, त्यांच्या पिस्तुलावर मोठाले तीन-चार कप्प्यांचे कॉम्प असतात, आणि मेजर, म्हणजे जास्त गुणांच्या, स्कोअरिंगसाठी त्यांना १६० चा पॉवर फॅक्टर लागतो, म्हणजे गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंदातला वेग भागिले १०००. एवढ्या दाबाचा गरम गॅस उघड्या शिशाच्या बुडाला लागला की शिसं झिजतं, त्याचे शिंतोडे कॉम्पच्या कप्प्यांत उडतात आणि दगडासारखा थर बसतो, वर गोळीच्या ग्रीसचा धूर डॉट साइटच्या काचेवर. म्हणून ते लोक कॉम्पवाल्या पिस्तुलात साधं शिसं सहसा टाळतात, तांब्याचा जाड मुलामा दिलेल्या किंवा पॉलिमर कोटिंगच्या गोळ्या वापरतात, आणि जॅकेटवाल्या घेतल्या तरी बूड बंद असलेल्या बघतात, कारण साध्या फुल मेटल जॅकेटला खालून शिसं उघडंच असतं. आपल्याकडे ९ मिमी वगैरे प्रोहिबिटेड बोर, सामान्य माणसाच्या हातात येत नाही, त्यामुळे तो विषय तिथेच सोडू. पॉइंट टू टू मारणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, तुमची गोळी मेण लावलेली ४० ग्रेनची शिशाचीच असते, त्यामुळे कॉम्प किंवा भोकांचं बॅरल असेल तर तुमच्याकडे शिसं अधिक मेण अधिक दारूची काजळी असा तिहेरी चिखल होतो, साफसफाई आमच्यापेक्षा जास्त लागते.

एअरमध्ये आग नाही, त्यामुळे शिसं वितळत बितळत नाही, शिसं ३२७ डिग्रीला वितळतं आणि आपल्याकडे नुसती हवा. इथे शिसं येतं ते घासून आणि डब्यातूनच. स्वस्त डब्यात काय असतं बघा एकदा, झाकण उघडून पांढऱ्या कागदावर ओता, मग पेलेट उचला. कागदावर राहील ती करडी पावडर, बारीक तुसं, कधी एखादी शिशाची शेव. हे सगळं पेलेटबरोबर बॅरलमध्ये जातं आणि हवेबरोबर कॉम्पमध्ये जाऊन बसतं. त्यामुळे पहिलं काम गाळणं. पेलेट जाळीवर ओतायचे, हळू गोल फिरवायचे, हिसके द्यायचे नाहीत, नाहीतर घागरे चेपतात. मी पहिल्यांदा हे आईच्या मैद्याच्या चाळणीत केलं होतं आणि अभिमानाने घरी दाखवलं पण. पुढचं सांगत नाही. ती चाळणी आता रेंजच्या बॅगेत असते, लाल नेलपेंटने मोठी फुली मारून, आणि आईला नवीन स्टीलची घेऊन दिली. शिशाला लागलेलं भांडं परत किचनमध्ये जायचं नाही, घासून धुवून पण नाही. हे काम खोलीत पंख्याखाली करू नका आणि पेलेटवर फुंकर तर अजिबात मारू नका, ती पावडर परत तुमच्याच तोंडावर येते.

गाळल्यावर निवड. काचेचा तुकडा किंवा जुन्या फोनची काच घ्या, किंचित तिरकी धरा, पेलेट आडवा सोडा. चांगला पेलेट एका ठरावीक वळणाने घरंगळतो, कारण डोकं आणि घागरा यांचा व्यास सारखा नसतो. चेपलेला लंगडत जातो, लगेच दिसतं. पाचशेचे पाचशे असे करत बसायची गरज नाही, मी टीव्हीवर मॅच चालू असताना शंभरेक करायचो, आता फक्त घागरा वाकलेले डोळ्यांनी बघून बाजूला काढतो. चेपका घागरा कॉम्पसाठी वाईट, एकतर हवा एका बाजूने निसटते आणि दुसरं म्हणजे तीच बाहेर आलेली कड पुढच्या भोकाला घासून तिथे शिसं सोडते. माझा तो मोहरीचा दाणा असाच तयार झाला असणार.

पेलेट कुठला घ्यायचा? सपाट डोक्याचा, वॅडकटर, हे तर सगळ्यांना माहितीच आहे, टार्गेटवर स्वच्छ गोल भोक पडतं. टोकदार, गोल डोक्याचे, ते शिकारीबिकारीचे, आपल्याकडे नकोत. वजनात पिस्तुलाचे हलके येतात, ०.४५ ते ०.४९ ग्रॅम, आणि रायफलचे ०.५३ च्या आसपास. आर डब्ल्यू एसचा आर १० असो, एच अँड एनचा फिनाले मॅच असो, दोन्हींत हलका आणि जड असे दोन प्रकार मिळतात, डब्यावर लिहिलेलं असतं. पिस्तुलाला हलकाच पाहिजे असा काही कायदा नाही, काही बॅरलना जड आवडतो, पण सुरुवात हलक्याने करा. डोक्याची साइझ हा दुसरा घोळ, ४.४९, ४.५०, ४.५१ अशा येतात, मॅचच्या डब्यांवर लिहिलेली असते आणि स्वस्तवर बहुतेक वेळा नसते किंवा असली तरी एका डब्यात सगळा पंगतीचा मसालेभात. माझा एक नियम आहे, प्रॅक्टिसचा पेलेट तुमच्या मॅच पेलेटच्या वजनाच्या जवळचा घ्या, शक्यतो त्याच कंपनीचा खालचा दर्जा. म्हणजे पिस्तुलाचा शॉट सुटतानाचा फील बदलत नाही आणि साइट फार हलवावी लागत नाही.

मग टेस्ट. यात लोक आळस करतात आणि मग वर्षभर रडतात. क्लॅम्प असेल तर उत्तम, नसेल तर टेबलावर वाळूच्या पिशवीवर हात टेकवून मारा, पिस्तूल पिशवीला टेकवू नका, मनगट टेका. दहा शॉटचा एक ग्रुप, असे निदान तीन ग्रुप मॅच पेलेटचे आणि तीन प्रॅक्टिसचे, सिलिंडर दोन्ही वेळा व्यवस्थित भरलेला, कारण प्रेशर खालच्या पट्ट्यात गेलं की वेग पडतो आणि दोष पेलेटला जातो. कॉम्प आधी साफ. हे विसरू नका, घाणेरड्या कॉम्पवर केलेली टेस्ट रद्दीच्या भावाची.

आता ग्रुप किती मोठा चालेल, हे गणित मला कुणी आधी सांगितलं असतं तर खूप पैसे वाचले असते. आपल्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आहे. पेलेट ४.५ मिमीचा आणि रेषेला नुसता शिवला तरी दहा. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ५.७५ अधिक २.२५, म्हणजे ८ मिमीच्या आत असला की दहा. साधा पेलेट टेकून मारल्यावर सगळे शॉट मधून साताठ मिमीच्या घेरात ठेवत असेल, तर नुसत्या पेलेटमुळे मधापासून जास्तीत जास्त चार मिमी इकडेतिकडे. एकेक रिंग ८ मिमीने वाढते. आपण ६०० पैकी ५४०-५५० मारणारे लोक, आपला हात टार्गेटवर किती फिरतो ते स्कॅटवर, म्हणजे नेम कसा फिरतो ते दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर, बघा एकदा, पेलेटचे चार मिमी त्यात कुठे बुडून जातील कळणार पण नाही. ५७० च्या वर गेलेल्यांनी, डेसिमलच्या, म्हणजे दशांशात गुण मोजणाऱ्या, फायनलचा विचार करणाऱ्यांनी, वेगळा हिशोब करावा, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. पण साधा पेलेट टेकून मारून पण आठ मिमीच्या घेराबाहेर एखादा फेकत असेल तर तो डबा परत घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. मोठ्या ग्रुपपेक्षा मधेच एखादा पळणारा शॉट वाईट, कारण मग आपला शॉट चुकला की पेलेट, हे कळत नाही आणि प्रॅक्टिसचा अर्थच जातो, तुम्ही मग नसलेली चूक सुधारत बसता. ग्रिपला पुट्टी लावत.

मॅच आणि प्रॅक्टिसच्या पेलेटचं झिरो, म्हणजे शॉट मध्यावर लागण्यासाठीची साइटची सेटिंग, थोडं वेगळं येईलच. किती क्लिक वर-खाली, किती डावं-उजवं, हे वहीत लिहा, फोनमध्ये नको, रेंजवर फोन हातात घेतला की तुम्हाला माहितीये काय होतं. माझं दोन क्लिक वर आणि एक डावीकडे आहे, तुमचं वेगळं असेल. एका सेशनमध्ये दोन प्रकारचे पेलेट मिसळू नका. आणि स्पर्धेच्या आधी दोन आठवडे, कॉम्प साफ करून, फक्त मॅचचे. ६० शॉट, ७५ मिनिटं, आधी १५ मिनिटं तयारी आणि साइटिंगची, पूर्ण घड्याळ लावून, मॅचच्याच पेलेटवर निदान तीन-चारदा. मग स्पर्धेच्या दिवशी हातात अनोळखी काही नसतं.

साफसफाई. मी साधारण एक डबा संपला की कॉम्प काढून बघतो, म्हणजे ५०० शॉटला. बघतो म्हणालो, दर वेळी खरवडतो असं नाही. पद्धत अशी: पिस्तूल उघडं, चेंबर रिकामं, डोळ्यांनी बघून बोट लावून खात्री, मग सिलिंडर काढून बाजूला. सिलिंडर लावलेला असताना तोंडासमोर टॉर्च आणि डोळा नेणारे शहाणे मी बघितलेत, प्लीज. मग कॉम्प काढायचा, बहुतेकांना एक-दोन छोटे ॲलन स्क्रू असतात किंवा आट्यांवर असतो, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघा. कुठल्या बाजूला कुठला भाग होता त्याचा काढायच्या आधी फोटो मारा. पांढऱ्या कागदावर कॉम्प हलका ठोका, भुकटी पडेल. कापसाच्या काडीने आतून पुसा, काडी काळी-करडी होईल, दोन-तीन काड्या लागतील. चिकटलेलं शिसं लाकडी टूथपिकने किंवा बांबूच्या सुईने काढा. लोखंडी पिन, ब्लेड, ड्रिलचं बिट, नको म्हणजे नकोच, पुढच्या भोकाच्या कडेला एक ओरखडा पडला की शिसं त्याच ओरखड्याला परत परत धरणार, आणि ती कड तशी झाली की पार्ट बदलल्याशिवाय इलाज नाही. नुसत्याने नाही निघालं तर एखादा थेंब हलकं गन ऑइल लावून अर्धा तास ठेवा, मग काढा आणि कोरडं पुसा. तेल कॉम्पवरच, बॅरलच्या मागच्या बाजूला ओ-रिंग आहेत तिथे जाऊ देऊ नका, आणि सिलिंडर भरायच्या तोंडाला तर तेलाचा हात पण लावू नका.

नेटवर एक उपाय सापडेल, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून त्यात कॉम्प बुडवायचा, शिसं विरघळतं. विरघळतं हो, पण त्याचं लेड ॲसिटेट होतं, पाण्यात मिसळणारं विष, आणि ते तुम्ही बेसिनमध्ये ओतणार. वर पिस्तुलाचं फिनिश जातं ते वेगळंच. नका करू.

बॅरलसाठी फेल्टच्या गोळ्या, ज्या नळीत मागून घालून पुढे ढकलायच्या किंवा दोरीने ओढायच्या. मागून पुढे, कधीच पुढून मागे नाही, नाहीतर तोंडाची कड जाते. बॅरल मी मात्र फार कमी साफ करतो, दोन-तीन महिन्यांनी, कारण साफ केल्यावर पहिले पंधरा-वीस शॉट वेडेवाकडे जातात, परत शिशाचा पातळ थर बसला की मग ग्रुप जमतो. बॅरलला थोडं शिसं आवडतं, कॉम्पला आवडत नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. परत बसवताना स्क्रू पहिलवानासारखे आवळू नका, कॉम्प सरळ बसलाय का हे पुढून नाही तर कडेने बघा, आणि पाच शॉट कागदी टार्गेटवर मारून भोकं गोल आहेत का तपासा. भोक लांबुळकं आलं तर पेलेट तिरका जातोय, परत खोला.

आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या हवेचं वेगळं सांगायला हवं. खाडी, पाऊस, जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपला पण बुरसटतात, तिथे पेलेट कोण. उघड्या डब्यातल्या पेलेटवर पांढरी पावडर धरते, ती शिशाचं कार्बोनेट-ऑक्साइड असतं, आणि तेच सगळ्यात आधी पोटात जाणारं, कारण बोटाला पावडरसारखं चिकटतं. पांढरे पडलेले पेलेट धुवून वापरायचा मोह सोडा. डबा घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेलची पुडी, आणि एकावेळी एकच डबा उघडा. शिशाचं आणि ॲसिडच्या वाफांचं जुनं वैर आहे, पूर्वी पांढरा रंग बनवायला शिशाच्या पट्ट्या मुद्दाम व्हिनेगरच्या वाफेत ठेवायचे, त्यामुळे लाकडी खोक्यात, पुठ्ठ्याच्या ओलसर खोक्यात, किंवा लोणच्याच्या बरणीशेजारी पेलेट ठेवू नका. हसू नका, माझा एक डबा किचनच्या माळ्यावर व्हिनेगरच्या बाटलीमागे होता, पावसाळ्यात पिठात घोळवल्यासारखा झाला. तो अख्खा डबा गेला, आणि तो माळा मला ओल्या फडक्याने दोनदा पुसायला लागला.

म्हणजे विषय हातांवर आला. शिसं अंगात गेलं की हाडांत जाऊन वर्षानुवर्षं बसतं, आणि लहान मुलांना तर थोडंही वाईट, म्हणून तर २००० साली आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं काढलं. एका डब्यात ५०० गुणिले अर्धा ग्रॅम, पाव किलो शिसं असतं, वर्षाचे बावन्न डबे म्हणजे १३ किलो शिसं तुमच्या बोटांतून जातं. घाबरायचं काही नाही, फक्त शिस्त. जत्रेतला फुगे फोडायचा बंदूकवाला ओठांत छर्रे धरून भरत असतो, लहानपणी मला ते भारी वाटायचं, रेंजवर पण एक-दोघांना तशी सवय बघितलीय, त्यांना तिथल्या तिथे ओरडा. रेंजवर खायचं नाही, वडापाव बाहेर, आणि तो पण साबणाने हात धुवून, सॅनिटायझरने शिसं जात नाही, सॅनिटायझर जंतूंसाठी असतं. पाणी गार घ्या आणि नखांच्या आत घासा. मी एक टीशर्ट रेंजचा ठेवलाय, तो घरी आला की वेगळा धुतो. लोकलमध्ये ऐरोली-रबाळ्याला हमखास झोप लागते आणि आपण डोळे चोळतो, तेव्हा निघायच्या आधी हात धुणं हेच खरं. घरी आल्यावर माझी सहा वर्षांची पोरगी धावत अंगावर येते, तिला माहितीये आधी बाबा मोरीत जाणार.

घरात रेंज करायचा विचार असेल तर, एकतर आपल्या टू बीएचकेमध्ये हॉलच्या भिंतीपासून बेडरूमच्या भिंतीपर्यंत दार उघडं ठेवून पण सात-साडेसात मीटरच भरतात, आणि दुसरं म्हणजे पेलेट ट्रॅपवर, म्हणजे टार्गेटमागे पेलेट अडवणाऱ्या पेटीवर, आपटून चपटा होतो तेव्हा बारीक धूळ उडते, ती सोफ्यावर, पडद्यावर, रांगणाऱ्या पोराच्या हातावर. घरी ड्राय फायर करा, भरपूर करा, त्याला शिसं लागत नाही आणि खरं सांगू का, पैसे वाचवायचा सगळ्यात भारी उपाय तोच आहे. बिनशिशाचे कथलाचे पेलेट पण मिळतात, हलके आणि कडक असतात, मी एक डबा मारून बघितला, माझ्या बॅरलला अजिबात पटले नाहीत.

राहता राहिला ट्रॅप. रेंजवर ट्रॅप आणि लेनच्या पुढची जमीन कोरड्या झाडूने झाडू नका, धूळ उडून सगळ्यांच्या नाकात जाते, ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं तिथेच ठेवायचं. साठलेलं शिसं बादलीत झाकून ठेवा. आमच्या इथे कोळीवाड्यातला एक मित्र आहे, तो म्हणाला ते शिसं मला दे, घरी चुलीवर वितळवून पागाला, म्हणजे फेकायच्या जाळ्याला, गोळ्या लावतो. त्याला सांगितलं की बाबा विकतच्या गोळ्या घे, घरात शिसं वितळवलं की वाफ आणि धूर पोरांच्या नाकातोंडात जातो. मग दोन बादल्या भरल्यावर आम्ही बॅटरीतलं शिसं घेणाऱ्या परवानावाल्याला फोन केला, तो टेम्पो घेऊन आला, वजन करून घेऊन गेला, आणि आलेल्या पैशात रेंजला सहा नवीन डबे आले.